कचारगडच्या पायथ्याशी घर बांधताना

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जेथे महाराष्ट्र, छत्तीसगड आणि मध्य प्रदेश यांच्या सीमा जवळ येतात, तेथे सालेकसा तालुक्यातील डोंगररांगेत कचारगड आहे. गोंड समाजाचे हे आद्य श्रद्धास्थान. काली कंकालीची मुले याच डोंगरातील गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगो व वादक हिरासुका पाटालीर यांनी त्यांची सुटका केली, अशी गोंडी परंपरेची श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. अनेक राज्यांतून येणारे भाविक गोंदिया-दुर्ग लोहमार्गावरील दरेकसा स्थानकावर उतरतात आणि धनेगावमार्गे डोंगराकडे चालू लागतात.

झाडीपट्टीतील कोणत्याही गावाप्रमाणे या परिसरातही दोन प्रकारची घरे शेजारी शेजारी दिसतात. एक मातीच्या जाड भिंतींचे, कवेलूच्या उतरत्या छपराचे, पुढे छपरी आणि मागे वाडी असलेले. दुसरे विटा-सिमेंटचे, सपाट स्लॅबचे, पुढच्या मजल्याच्या आशेने गच्चीवर लोखंडी सळया उभ्या ठेवलेले. पहिल्या घरातील माणसाला दुसरे घर हवे असते, आणि दुसऱ्या घरातील माणूस मे महिन्याच्या रात्री खाट उचलून अंगणात येतो. नोकरीनिमित्त नागपूर, भिलाई किंवा पुण्यात स्थिरावलेली पुढची पिढी गावचे घर नव्याने उभे करण्याचा विचार करते, तेव्हा तिच्यापुढेही हाच पेच असतो. जुने पाडावे की सावरावे? आणि नवेच बांधायचे तर ते शहरातल्या सदनिकेसारखे असावे काय?

उत्तर या प्रदेशाच्या हवामानात दडलेले आहे. येथे वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेकोटीवाचून भागत नाही. तीन ऋतूंचे तीन टोकाचे स्वभाव सांभाळणारे घर येथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चुकत-सुधारत घडवले. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पुढे आलेले छप्पर भिंतीला ऊन आणि पाऊस या दोघांपासूनही वाचवते. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब मात्र दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खाली सोडतो. म्हणून नव्या घराचा आराखडा हाती घेण्यापूर्वी जुन्या घराकडे नीट पाहणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

मात्र मातीच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. त्या घराची निगा हे रोजचे काम असते आणि ते बहुतांशी बायकांच्या वाट्याला येते. शेणामातीचे सारवण, भिंतींना पोतारा, पावसाळ्यानंतर उखडलेल्या कडा पुन्हा लिंपणे, ही कामे करणाऱ्या गृहिणीने फरशी मागितली तर ती हौस म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. घर दुरुस्त करताना सर्वांत आधी तिचे कष्ट कोठे कमी होतील हे पाहावे. स्वयंपाकघर, न्हाणी आणि रोजच्या वावराच्या खोलीत पक्की जमीन केली, तरी घराचा थंडावा जात नाही. तो भिंतीत आणि छपरात असतो.

पाडण्यापूर्वी तपासणी

मातीचे घर सहसा तीन ठिकाणी हरते. भिंतीचे पायथे, लाकडाची टोके आणि छप्पर. बाकी भिंत बरेचदा शाबूत असते. सेवाग्रामची बापू कुटी याची साक्ष आहे. १९३६ मध्ये गांधीजी त्या वेळच्या सेगावात राहावयास आले. त्या काळात माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांनी उभारलेली ती कुटी निगा राखल्यामुळे आजही उभी आहे. विदर्भातल्याच पावसाने आणि उन्हाने तिची परीक्षा घेतली आहे.

घर तपासायचे तर पावसाळा संपल्यावर लगेच तपासावे, कारण तेव्हा त्याचे सगळे दोष उघडे असतात. ओळंबा लावून भिंत किती कलली आहे ते पाहावे. थोडा कल जुन्या भिंतींना असतोच. परंतु भिंतीचे पोट बाहेर आले असेल किंवा कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटून वरपासून खालपर्यंत भेग पडली असेल, तर प्रकरण गंभीर समजावे. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा मात्र निरुपद्रवी असतात. मयाल आणि फाटे जेथे भिंतीत शिरतात तेथे पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले किंवा उधईने खाल्ले आहे. मधला भाग ठणठणीत दिसतो आणि टोके पोकळ असतात, हा जुन्या घरांचा नेहमीचा फसवा प्रकार आहे.

पायथा पोखरला असेल तर सगळी भिंत पाडण्याचे कारण नाही. तीन-तीन फुटांचा तुकडा, एक सोडून एक, आळीपाळीने मोकळा करून तेथे दगड किंवा पक्क्या विटांचे बांधकाम भरत जावे. एक तुकडा पक्का झाल्याशिवाय शेजारच्याला हात लावू नये आणि छपराचा भार तोपर्यंत टेकूवर घ्यावा. काम चिकाटीचे आहे, पण अवघड नाही. अनुभवी मिस्त्री ते करू शकतो. टोक कुजलेल्या मयालीखाली भिंतीलगत नवा खांब उभा करणे हाही साधा आणि स्वस्त उपाय आहे.

छपराची गोष्ट निराळी. कवेलूची शाकारणी दरवर्षी मृगाच्या आधी व्हावी लागते. पूर्वी गावातला कुंभार कवेलू घडवीत असे आणि छपरावर चढून ती फेरणारे हात घरोघर होते. आता दोन्ही दुर्मीळ झाले आहेत. त्यात माकडांची भर. विदर्भातील अनेक गावांत कवेलूचे छप्पर जाऊन टिनाचे पत्रे आले, त्यामागे आधुनिकतेच्या ओढीइतकाच माकडांच्या उड्यांचा वाटा आहे. त्यामुळे कवेलूच ठेवा, असा सल्ला शहरात बसून देणे सोपे आणि गावात पाळणे कठीण. पत्रे घालायचेच असतील तर त्यांच्याखाली फूटभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत घालावे, त्यावर मातीचा पातळ लेप द्यावा आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळीची खिडकी ठेवावी. पत्रा व छत यांमधली तापलेली हवा त्या वाटेने निघून जाते. पत्र्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी पांढऱ्या चुन्याचा किंवा रंगाचा हात दिला, तरी खालच्या खोलीत फरक जाणवतो.

एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. चुलीचा धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईट खराच, पण छपरातल्या बांबूला आणि लाकडाला तो कीड लागू देत नसे. गॅस आल्यावर धूर गेला आणि छपराला घुणे लागू लागली. म्हणून आता बांबू वापरण्यापूर्वीच त्यावर प्रक्रिया करणे आवश्यक झाले आहे. तीन वर्षांहून जुना बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडावा. कोवळ्या आणि पावसाळी बांबूत पिठूळ अंश जास्त असतो व कीड त्याच्याच मागे येते. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत याच कारणाने उपयोगी आहे. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवणे हा अधिक खात्रीचा मार्ग. उलट, स्लॅबच्या बंद घरात चूल पेटणार असेल तर धुराडे केल्यावाचून राहू नये. कवेलू धूर बाहेर सोडीत होते, स्लॅब सोडणार नाही.

पाया आणि जोते

नवे बांधकाम करायचे ठरले, तर पहिला प्रश्न जमिनीचा. जुन्या भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या सगळ्या पट्ट्यात शेतकरी जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशा नावांनी ओळखतो. ही नावे धानासाठी पडली असली, तरी घर बांधणाऱ्यालाही मोलाची आहेत. बरडी म्हणजे मुरमाड, हलकी जमीन. पिकाला कनिष्ठ, पण घराला उत्तम. कन्हार ही भारी काळी जमीन. ओल मिळाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला, तर दोन-तीन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. अशा जागी मुरूम लागेपर्यंत खोदावे, पाया वाळू-मुरमाच्या थरावर घ्यावा आणि जोत्याच्या पातळीवर चारी भिंतींना जोडणारा सळईचा पट्टा घालावा. धानाच्या बांधीत भराव टाकून लगेच घर उभे करणे हे सर्वांत वाईट. भरावाला निदान एक पावसाळा बसू द्यावे. पायाच्या खोलीबाबत अभियंत्याचा एका भेटीचा सल्ला घेतला, तर ती फी घराच्या खर्चात दिसूनही येत नाही.

जोते निदान दोन फूट उंच असावे. त्याहून कमी जोत्यावर पैसा वाचत नाही, तो पुढे पोपड्यांच्या रूपाने भिंतीवर दिसतो. जोत्याच्या माथ्यावर ओलावा अडवणारा काँक्रीटचा थर घालावा. जमीन भरण्यापूर्वी उधईविरोधी औषधाची फवारणी करून घ्यावी. घर पूर्ण झाल्यावर ती करणे कठीण आणि महाग पडते. घराभोवती दोन-अडीच फुटांची उतरती फरशी किंवा दगडी पट्टा केला की छपरावरून पडणारे पाणी पायात मुरत नाही. कवेलूच्या घरांभोवती पागोळ्यांनी पडलेली चर पाहिली, म्हणजे या पट्ट्याची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

भिंती

विटेची परीक्षा हातानेच करावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत नाद यावा. छातीएवढ्या उंचीवरून साध्या जमिनीवर सोडलेली वीट फुटू नये. दिवसभर पाण्यात ठेवल्यावर तिचे वजन कोरड्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक वाढू नये. आणि बांधकामात लावण्यापूर्वी ती भिजवलेली असावी, नाहीतर ती मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. तिरोड्याच्या ३३०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रामुळे राखेच्या विटांचा पर्यायही या जिल्ह्याला जवळचा आहे. त्या आकाराने सारख्या असतात, त्यामुळे मसाला आणि गिलावा कमी लागतो. मात्र त्या पुरेशा दिवसांच्या पाण्याने पक्क्या झालेल्या आहेत की नाहीत, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

केरळमध्ये आयुष्य वेचलेल्या लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञाने विटा आडव्या न लावता उभ्या कडेवर लावून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत भारतात लोकप्रिय केली. नऊ इंचांच्या भिंतीत तिच्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि आतली हवा उष्णता अडवते. गोंदियाच्या उन्हाळ्याला ही भिंत शोभून दिसेल. फक्त मिस्त्रीला ती पद्धत ठाऊक हवी. माहीत नसेल तर आधी अंगणातली छोटी भिंत बांधून हात बसवून घ्यावा, मग घराला हात लावावा. मातीतच थोडे सिमेंट मिसळून दाबून केलेले ठोकळे हाही मार्ग आहे. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने मातीच्या सुधारित बांधकामावर दीर्घकाळ काम केले असून विदर्भातील माणसाला प्रत्यक्ष जाऊन पाहण्याजोगी ती जागा आहे.

मातीची भिंत म्हणजे धोका आणि सिमेंटची म्हणजे सुरक्षितता, हा समज ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अधिक घट्ट झाला. तेथे हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीच्या माळवदांचे प्रचंड ओझे कोसळल्यामुळे. त्यातून घ्यायचा धडा वजनाचा आणि जोडणीचा आहे. छप्पर हलके असावे, कोपरे एकमेकांत गुंफलेले असावेत आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून घरभर फिरणारा अखंड पट्टा असावा. हे तिन्ही नसलेले विटा-सिमेंटचे घरही भरवशाचे नसते.

खिडक्या समोरासमोर ठेवाव्यात, म्हणजे वारा आरपार जातो. पश्चिमेकडे ऊन सर्वांत कडक असते. त्या बाजूला छपरी, कोठी, न्हाणी किंवा झाड असावे, निजण्याची खोली नसावी. ईशान्य-नैऋत्येचे नकाशे मांडून बसण्यापूर्वी सूर्य कोठून मावळतो आणि पावसाची झड कोठून येते एवढे पाहिले, तरी निम्मे काम होते.

स्लॅबचा दिवस

स्लॅब हा घराच्या बांधकामातला सोहळा असतो. नातेवाईक जमतात, नारळ फुटतो, जेवण होते. त्या गडबडीत ज्या चार गोष्टींकडे मालकाने स्वतः लक्ष द्यायचे, त्या राहून जातात. सळयांखाली वीस मिलिमीटरचे ठोकळे आहेत ना? ते नसतील तर सळई तळाला टेकते, गंजते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे निघतात. गिट्टी आणि रेती धुतलेली व मातीविरहित आहे ना? सिमेंट तीन महिन्यांहून जुने नाही ना? ते पडून राहिले की त्याची ताकद घटते. आणि पाणी. एका पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरते. मिश्रण सहज वाहावे म्हणून मजूर बादलीवर बादली ओतत जातात आणि स्लॅबची ताकद त्या पाण्याबरोबर वाहून जाते. मोजलेली बादली जवळ ठेवून मालकाने यंत्राशेजारी उभे राहावे. नारळ दुसऱ्या कोणी फोडला तरी चालेल.

त्यानंतरचे काम आहे तराईचे, म्हणजे पाणी मारण्याचे. सध्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला निदान दहा दिवस ओल लागते, कोरड्या कडक उन्हात चौदा. स्लॅबवर मातीच्या छोट्या पाळी करून त्यांत पाणी उभे ठेवावे. भिंती आणि खांबांना ओले पोते गुंडाळावे. लहान खोल्यांच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांत आणि साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांत काढता येतात. थंडी असेल तर अधिक दिवस ठेवावेत. सेंट्रिंगवाल्याची घाई त्याच्या भाड्याची असते.

स्लॅबला खालच्या अंगाला कवेलू किंवा मंगलोरी कौले ठेवून वरून काँक्रीट ओतण्याची रीतही बेकर यांनी रुळवली. स्लॅबच्या तळाकडचे काँक्रीट ताण घेत नाही, ते काम सळई करते. म्हणून ती जागा कौलांनी भरली तर सिमेंट वाचते, वजन घटते आणि खोली थोडी थंड राहते. सळयांमधले अंतर कौलांच्या मापाने ठरवावे लागते. यासाठी अभियंत्याकडून नकाशा करून घेणे इष्ट. जुन्या घराची उतरवलेली कवेलू फेकून न देता येथे वापरता येतात. तयार स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर दिला किंवा बांबूचा मांडव घालून दोडक्याचा वेल चढवला, तरी मे महिना सुसह्य होतो.

पावसाचे पाणीही छपरानेच आणून दिलेले असते. साठ चौरस मीटरच्या छपरावर तेराशे मिलिमीटर पावसात पंच्याहत्तर हजार लिटरहून अधिक पाणी पडते. वाया जाणारे वजा केले, तरी साठ हजार लिटर विहिरीत किंवा टाकीत वळवता येते. मामा तलावांच्या या प्रदेशाला पाणी अडवण्याचे महत्त्व सांगण्याची गरज नाही, परंतु नव्या घरांच्या नळ्या मात्र थेट रस्त्यावर सोडलेल्या दिसतात. पन्हाळ लावतानाच ही सोय केली तर खर्च किरकोळ येतो.

हंगाम, पैसा आणि कागद

या भागात घर बांधण्याचा हंगाम निसर्गाने आखून दिला आहे. जून ते ऑगस्ट रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानकापणी आणि मळणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, त्यानंतर तेंदूपाने. या कामांच्या दिवसांत मजूर मिळत नाही, आणि मिळावा अशी अपेक्षाही करू नये. त्या मोसमावर अनेक घरांचे वर्ष अवलंबून असते. उरतात डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस. हवा थंड, विहिरींना पाणी, काँक्रीटला अनुकूल. कचारगडची यात्रा याच काळात येते, तेव्हाचे चार दिवस काम बंद राहणार हे वेळापत्रकात आधीच धरावे. शहरात राहून गावी बांधणाऱ्याने पायाचे खोदकाम पहिल्या हिवाळ्यात करून जोत्यापर्यंत यावे, एक पावसाळा जाऊ द्यावा आणि भिंती-स्लॅब दुसऱ्या हिवाळ्यात घ्यावा. पायाही बसतो आणि खिशालाही उसंत मिळते.

पैसा थोडा असेल तर तो पाया, जोते, छप्पर आणि वीजजोडणीची सुरक्षितता यांवर आधी घालावा. बाहेरचा गिलावा, रंग, गुळगुळीत फरशी, फाटक ही कामे दोन वर्षांनी झाली तरी घर पडत नाही. पायात काटकसर करून दर्शनी भागावर नक्षीदार कठडे लावलेली घरे गावोगाव दिसतात; त्यांच्या भेगाही दिसतात. पूर्व विदर्भात वीज कोसळण्याचे प्रमाण लक्षात घेता भक्कम अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण यांना चैन समजू नये. मिस्त्रीला रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी: जोते, चौकट, स्लॅब, गिलावा. प्रत्येक टप्प्याचा हिशेब वहीत मांडून दोघांनी सही करावी. मैत्रीतल्या व्यवहारातही वही असावी, कारण ती नसली की मैत्रीच मोडते.

शासकीय घरकुलाचा लाभ मिळालेल्या कुटुंबांना हे गणित आणखी काटेकोर करावे लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर धरले गेले आणि मदतीची रक्कम मैदानी भागासाठी १ लाख २० हजार, तर डोंगराळ, दुर्गम व एकात्मिक कृती योजनेतील जिल्ह्यांसाठी १ लाख ३० हजार रुपये ठेवण्यात आली. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. रकमा आणि अटी वेळोवेळी बदलतात, त्यामुळे पंचायत समितीत चालू वर्षाचा आदेश पाहून घ्यावा. येथे होणारी चूक मात्र जुनीच आहे. अनुदानाच्या रकमेत तीन खोल्यांचा पाया घातला जातो आणि स्लॅबपर्यंत पोचण्याआधीच पैसे संपतात. २५ चौरस मीटरचे घर पूर्ण करून राहायला जावे. त्याला एका बाजूने पुढे वाढवता येईल असा पाया आणि दाराची जागा ठेवावी. जुने मातीचे घर शेजारी उभे असेल तर ते पाडू नये. नवी खोली पावसाळ्यात सामानाला आणि जुनी खोली उन्हाळ्यात माणसांना, अशी वाटणी अनेक घरांत आपोआप होते आणि ती शहाणपणाची आहे.

शहरातून येथे येऊन जागा घेऊ पाहणाऱ्यांनी कायद्याची एक बाब पक्की समजून घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकत घेता येत नाही. त्यासाठी शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. साध्या कागदावरचा व्यवहार, दुसऱ्याच्या नावाने केलेली खरेदी या पळवाटांनी जमीन गमावलेल्या माणसाचे नुकसान होतेच, आणि घेणाऱ्याचे घरही कायम टांगणीला राहते. स्वतःच्या वडिलोपार्जित जागेवर बांधणाऱ्यानेही सातबारा किंवा गावठाणातील मालमत्ता पत्रक आपल्या नावे आहे की नाही ते पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. बँक कर्ज देताना हा फरक अचूक ओळखते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके देण्याचे काम हाती घेण्यात आले. भावाभावांच्या वाटण्या तोंडी असतील, तर त्या बांधकामाआधी कागदावर याव्यात. भिंत उभी राहिल्यावर वाद मिटत नाहीत.

लाकडाबाबतही तसेच. स्वतःच्या शेतातले सागाचे झाड असले, तरी ते तोडण्यास १९६४ च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागते आणि वाहतुकीला वन विभागाचा परवाना. बांबूचे बंधन मात्र सैल झाले आहे. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला. जंगलातील बांबूसाठी निस्तार हक्क किंवा २००६ च्या वनहक्क कायद्याखालील ग्रामसभेचे सामूहिक हक्क हा मार्ग आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती मिळवले, ते याच कायद्याच्या बळावर. जुने घर उतरवताना निघालेले सागाचे फाटे, चौकटी आणि दारे सरपणाच्या भावात विकून टाकू नयेत. वाळलेले, मुरलेले तसे लाकूड आज बाजारात मागूनही मिळत नाही. रंधा मारून ते नव्या घराच्या दारांना आणि माळ्याला लावता येते.

घर पूर्ण झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात एक काम करावे. घरात दिवे लावून प्रत्येक खोलीतून फिरावे आणि छताला, खिडकीखाली, कोपऱ्यात जेथे ओल दिसेल तेथे खडूने गोल काढून तारीख लिहावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पावसानंतर पुन्हा पाहावे. जो डाग वाढत नाही तो बांधकामाच्या वेळची ओल असते आणि आपोआप वाळतो. जो वाढतो त्याची जागा नेमकी कळलेली असते. मिस्त्रीचा शेवटचा हप्ता तोपर्यंत हातात ठेवावा, आणि तसे त्याला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.